दिनविशेष फलक, मार्च २०२५ : कामाच्या नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवरील काळ्या फलकावर आजवर निधनवार्ता, पारायणाची वेळ आणि कृषी पत्तीन संघाच्या (शेतकऱ्यांच्या पतसंस्थेच्या) सभेची सूचना यांपलीकडे फारसे काही लिहिले जात नसे. फलकाचा डावा अर्धा भाग मार्चपासून दिनविशेषांसाठी राखून ठेवावा, असे आजच्या बैठकीत ठरले. समोरच दूध डेअरी आहे. सकाळ-संध्याकाळ माणसे कॅन घेऊन रांगेत उभी असतात आणि फॅट लागेपर्यंत त्यांना समोरची भिंत वाचण्यावाचून दुसरे काम नसते. मजकूर मराठीत आणि त्याखाली थोडक्यात कन्नडमध्ये लिहायचा, कारण वनरक्षक, बसचे चालक-वाहक आणि बाहेरगावाहून आलेले शिक्षकही याच रस्त्याने ये-जा करतात. कन्नड मजकुराची जबाबदारी हायस्कूलच्या गुरुजींनी घेतली आहे.

महाविद्यालयातील मुलांनी मोबाइलवरून मार्चची यादी काढून आणली. एकही चौकोन रिकामा नाही. उलट काही तारखांवर पाच-पाच दिवस येऊन बसले आहेत. १० मार्च हा मारिओ या व्हिडिओ गेममधील पात्राचा दिवस आहे, कारण इंग्रजीत मार्चची पहिली तीन अक्षरे आणि १० हा आकडा शेजारी ठेवला की त्याचे नाव वाचता येते. मुलांना हा फार आवडला. ज्येष्ठ सभासदांना तो आवडला नाही हे निराळे सांगायला नको, आणि यादीवरचा पहिला वाद त्यावरूनच झाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन; उद्या २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन, कारण १९२८ साली त्याच तारखेला चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा आपला शोध जाहीर केला. हे दोन दिवस कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत, कारण तारखेमागे माणूस आहे किंवा घटना आहे. मार्चची यादी चाळताना हीच कसोटी लावायचे ठरले. प्रत्येक दिवसापुढे वहीत तीन गोष्टी लिहायच्या : तो कोणी जाहीर केला, हीच तारीख का निवडली, आणि त्या दिवशी आपल्या गावात कोणी काय करायचे. तिसरा रकाना भरता आला नाही, तर दिवस कितीही मोठ्या संस्थेने जाहीर केलेला असो, तो फलकावर एका ओळीपुरताच राहील.

पहिला रकाना भरताना बरीच माहिती हाती लागली. काही दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून ठरवलेले आहेत, काही जागतिक आरोग्य संघटना किंवा युनेस्को यांसारख्या संस्थांनी, काही एखाद्या व्यवसायाच्या जागतिक महासंघाने, तर काही चक्क एकट्यादुकट्या माणसाने सुरू केलेले आहेत आणि तरीही जगभर पोचले आहेत. म्हणजे ठरावाच्या वजनावरून दिवसाचे वजन ठरत नाही.

रांगेतील एका आजोबांनी यादी ऐकून घेतली आणि विचारले, "रोज एकेक दिवस पाळतासा, खरं काम करायचं कधी?" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवला आहे.

३ मार्च, सोमवार

आज एकाच तारखेवर दोन दिवस होते आणि दोन्ही खानापूर तालुक्याला लागू पडणारे.

जागतिक श्रवण दिनाची तारीख निवडण्याचे कारण मजेदार आहे : तिसऱ्या महिन्यातील तिसरी तारीख, आणि ३ हा आकडा कानासारखा दिसतो, दोन आकडे म्हणजे दोन कान. देवनागरी ३ तर त्याहूनही कानासारखा आहे, म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांनी फलकावर दोन मोठे ३ काढले, त्यांतील डावा उलटा, आणि मधे एक चेहरा रेखाटला. लहान मुलांनी दिवसभर तेथे थांबून आपापले कान पडताळून पाहिले. खाली जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण लिहिले : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, ९० डेसिबलचा ४ तास, आणि १०० डेसिबलचा आठवड्याभरात केवळ २० मिनिटे. मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे ही २० मिनिटे एका चौकातच संपतात. भारतातील नियमानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हेही लिहिले. तरुण मंडळाच्या पोरांनी ते वाचले, एकमेकांकडे पाहिले आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी ढोल-ताशा परवडेल का, याची चौकशी सुरू केली. चौकशीच्या पुढे ते जातील की नाही, याबद्दल मी आज काही लिहीत नाही.

दुसरा दिवस जागतिक वन्यजीव दिन. १९७३ साली ३ मार्च रोजी वॉशिंग्टन येथे वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या करारावर सह्या झाल्या. २०१३ साली आमसभेने ती तारीख घेतली. येथे वाघ-हत्तींची चित्रे लावण्याचा मोह टाळून आम्ही वटवाघूळ घेतले. भीमगड अभयारण्याच्या परिसरातील बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते; १९१३ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर दीर्घकाळ साऱ्या जगात तिचा हा एकच ठावठिकाणा माहीत होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडले. ज्या गुहेचे नाव लंडनच्या शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक झाले, ती आपल्या तालुक्यात आहे हे रांगेतील बहुतेकांना आज प्रथमच कळले. एका गवळी मामांना मात्र ती ठाऊक होती. जंगलात राहणाऱ्यांना उठवण्याची बोलणी चालू असताना वटवाघळाचा दिवस कसला करता, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे फलकावर लिहिण्यासारखे होते. समितीतील दोघांना ते पटले नाही, म्हणून वहीत लिहून ठेवतो.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाचा इतिहास फलकावर दिला : १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी मांडलेली कल्पना, १९१७ साली रशियातील कामगार स्त्रियांनी याच दिवशी पुकारलेला संप, आणि १९७७ सालचा आमसभेचा ठराव. भाकरी मागणाऱ्या संपातून आलेला हा दिवस आता साडीच्या सवलतीत जाऊन पोचला आहे, यावर स्त्रीशक्ती संघाच्या बैठकीत चांगली चर्चा झाली. हळदीकुंकू न करता त्यांनी बँकेतून एक माणूस बोलावून कर्जाच्या हप्त्याचा हिशेब समजावून घेतला. बैठक उन्हे उतरेपर्यंत चालली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवडीचा दिवस असल्यामुळे फलक काल रात्रीच लिहून ठेवला होता. सकाळी तो अर्धा गुलाबी झाला होता. काल गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन होता (मार्चचा दुसरा गुरुवार, २००६ पासून), त्याची ओळही रंगाखाली गेली.

आजच्या तारखेवर चार दिवस होते. पहिला पाय (π) दिन; पाय म्हणजे वर्तुळाच्या घेराला व्यासाने भागल्यावर येणारी संख्या. सॅन फ्रान्सिस्को येथील एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी तो १९८८ साली सुरू केला, कारण अमेरिकेत महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात. त्यामुळे १४ मार्च म्हणजे ३.१४. २०१९ साली युनेस्कोने हीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून स्वीकारली. आइन्स्टाइन यांचा जन्म १८७९ साली याच तारखेचा, आणि २०१८ साली स्टीफन हॉकिंग यांचा मृत्यूही. हे सगळे छान जुळून येते, खरे. पण आपण तारीख आधी लिहितो, त्यामुळे आपल्याकडे १४/३ होतो आणि त्यातून काहीच निघत नाही. आपल्या पद्धतीने लिहिल्यास २२ जुलै म्हणजे २२/७ हा शाळेत सर्वांनी पाठ केलेला अपूर्णांक मिळतो, आणि जगात काही ठिकाणी तोही दिवस पाळतात. गणिताच्या गुरुजींनी हा मुद्दा उचलून धरला आणि कार्यक्रम जुलैकडे ढकलला. तरीही सातवीच्या दोन मुलांना दम निघेना. त्यांनी डेअरीच्या कॅनच्या झाकणाभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजला, झाकणाच्या मधून पट्टी धरून व्यास मोजला, आणि भागाकार पाटीवर मांडला. उत्तर तीनपेक्षा थोडे जास्त आले. मग त्यांनी बैलगाडीचे चाक मोजले, विहिरीचा कठडा मोजला, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येते हे पाहून त्यांतील धाकटा मुलगा थोडा चिडलाच. चाक एवढे मोठे आणि झाकण एवढे लहान, मग आकडा एकच कसा, असे त्याने गुरुजींना विचारले. गुरुजींच्या मते सबंध महिन्यात एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नाही.

दुसरा दिवस नद्यांसाठीचा. १९९७ साली ब्राझीलमधील कुरितिबा येथे जमलेल्या धरणग्रस्तांनी १४ मार्च ही तारीख ठरवली. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. याच तालुक्यातून निघालेली म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना जाते, ही गोष्ट नकाशासह लिहिली होती. धुळवड खेळून पोरे नदीवर आंघोळीला जातात, म्हणून यंदा घरूनच एक बादली अंगावर ओतून मग नदीवर यावे, असे लिहिले होते. पळस, हळद आणि गुलाल वापरणाऱ्यांना ही अट नव्हती. किती जणांनी मानले हे सांगणे कठीण आहे; घाटावर यंदा चंदेरी ऑइलपेंट कमी दिसला एवढे नक्की.

तिसरा जागतिक झोप दिन, जो वसंतसंपाताआधीच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्याआधीच्या शुक्रवारी येतो. धुळवडीनंतर गाव आपोआप झोपते, म्हणून त्यावर काही लिहिले नाही. चौथा दिवस एका खाद्यपदार्थाचा होता. तो मुलांनी स्वतःच खोडला.

१६ मार्च, रविवार

काल ग्राहक हक्क दिन होता (१९६२ साली १५ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकांच्या हक्कांविषयी संसदेस संदेश पाठवला, त्यावरून). फलकावर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहिला आणि तो आठवडाभर पुसायचा नाही असे ठरले. काही जणांना ते साल वाटले, त्यामुळे पुढे फोनचे चित्र काढावे लागले.

आज राष्ट्रीय लसीकरण दिन. १९९५ साली १६ मार्चला पल्स पोलिओ मोहिमेतील तोंडावाटे देण्याचा पहिला डोस दिला गेला. भारतातील शेवटचा रुग्ण २०११ सालच्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. या महिन्यातील सर्व दिवसांत काम पुरे होऊन संपल्याचे सांगता येईल असा हा जवळजवळ एकच. गावातील आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी मात्र 'संपले' हा शब्द लिहू दिला नाही. डोस चालूच आहेत आणि लोकांनी बाळे आणायचे थांबवता कामा नये, असे त्यांनी बजावले. त्यांचे म्हणणे मानले.

२० मार्च, गुरुवार

जागतिक चिमणी दिन हा आपल्याच बाजूचा दिवस आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने तो सुरू केला आणि २०१० साली तो प्रथम पाळला गेला. गावात कौलारू घरे होती तेव्हा वाशांच्या फटींत चिमण्यांची घरटी असत, धान्य निवडताना अंगणात त्यांचा दंगा असे. स्लॅब आल्यावर फट उरली नाही आणि धान्य निवडूनच पिशवीत येऊ लागले. सुताराकडील फळ्यांच्या तुकड्यांतून मुलांनी खोकी केली. भोक ३२ मिलिमीटरच्या आसपास ठेवले, म्हणजे साळुंकीला आत शिरता येत नाही. खोकी पूर्वेकडे तोंड करून, मांजराच्या उडीपलीकडे टांगली. आजच्या दिवसाला काही हाती लागले असेल तर ते हे.

खरी चर्चा झाली ती दुसऱ्या दिवसाची. आजच मौखिक आरोग्य दिनही असतो, आणि तारखेचे कारण जागतिक दंतवैद्यक महासंघाने असे दिले आहे की बाळाचे दुधाचे दात २०, म्हातारपणीही किमान २० नैसर्गिक दात शाबूत असावेत, आणि प्रौढ माणसाचे दात ३२ व कीड शून्य असावी. यांतून ३ आणि २० हे आकडे. ही आकडेमोड थोडी ओढूनताणून केलेली आहे, पण गावात तिचा उपयोग झाला. 'साठीनंतर २० दात कोणाचे आहेत' असे फलकावर लिहिताच रांगेत लोक एकमेकांच्या तोंडात डोकावू लागले. हशा ओसरल्यावर मिश्रीचा विषय निघाला. आमच्याकडे किंवा निपाणी भागातही तंबाखू नवी नाही. निपाणीचे शेत तंबाखूचे, हातात विडी, आणि १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन अजूनही म्हातारी माणसे सांगतात. तेथे आणि येथे अनेक बाया तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, डबीत ठेवतात आणि सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने बोटाने हिरड्यांवर फिरवतात. ही तंबाखू आहे असे त्यांना वाटतच नाही, कारण ती खाल्ली जात नाही आणि ओढलीही जात नाही. एक आजी म्हणाल्या, "दात घासायला नको म्हंटीस, खरं तोंड कशानं धुवू?" आशाताईंनी त्यांना टूथपेस्टची नळी दाखवली नाही. मिश्री लावल्यावर चक्कर येते का, ती न लावल्यास डोके दुखते का, दिवसातून किती वेळा डबी उघडते, एवढेच विचारत गेल्या. आजींनी स्वतःच बोटांवर मोजले आणि गप्प झाल्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड उघडताना ताठरपणा असेल तर दवाखान्यात दाखवावे, हा मजकूर त्यानंतर फलकावर ठळक लिहिला.

आजच आनंद दिनही असतो. भूतानच्या पुढाकाराने २०१२ साली आमसभेने तो ठरवला. तिसरा रकाना रिकामा राहिल्यामुळे तो एका ओळीत संपवला.

२१ मार्च, शुक्रवार

या तारखेवर गर्दी आहे : वन दिन, कविता दिन, डाऊन सिंड्रोम दिन, वंशभेद निर्मूलन दिन, नवरोज, बाहुलीनाट्य दिन, आणि यंदापासून हिमनद्यांचा दिवसही. त्यातच आज एसएसएलसीचा (कर्नाटकातील दहावीचा) पहिला पेपर, प्रथम भाषेचा, त्यामुळे शाळेकडून मनुष्यबळ मिळणार नव्हते.

वंशभेद निर्मूलन दिनाची तारीख १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली, त्या दिवसाची आहे. ती घटना दोन वाक्यांत लिहिली. तिच्या शेजारी कवितेची ओळ लिहिणे बरे वाटेना, म्हणून कविता दिन फलकाच्या उजव्या कोपऱ्यात हलवला.

डाऊन सिंड्रोम दिनाची तारीख मात्र यादीतील सर्वांत नेमकी आहे. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हेच या स्थितीचे कारण, म्हणून तिसऱ्या महिन्यातील २१ तारीख. या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालण्याची प्रथा आहे, कारण गुणसूत्रे चित्रात मोज्यांसारखी दिसतात. मार्चच्या उन्हात आमच्याकडे मोजे कोणीच घालत नाही. अंगणवाडीत येणाऱ्या एका मुलाच्या आईने स्वतःहून तोडगा सुचवला आणि मुलांनी दोन पायांत दोन वेगळ्या रंगांच्या चपला घातल्या. कोणी विचारले की कारण सांगायचे, एवढेच काम होते. विचारणारे पुष्कळ निघाले, आणि उत्तर देण्यात त्या मुलाचा मोठा भाऊ सर्वांत पुढे होता.

वन दिन येथे अगदी वणव्याच्या दिवसांत येतो. बांधावरचा पालापाचोळा पेटवून माणूस जेवायला जातो आणि दुपारच्या वाऱ्याने आग काजूच्या बागेतून डोंगरावर चढते, हे दरवर्षीचे. रोपे लावण्याचे चित्र काढण्यात अर्थ नव्हता, कारण मार्चमध्ये लावलेले रोप येथे जगत नाही. पेटवायचेच असेल तर सकाळी, वारा नसताना, भोवती पट्टा साफ करून आणि पाण्याची घागर जवळ ठेवून, एवढे लिहिले. वनरक्षकांनी खाली आपल्या कार्यालयाचा फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहिला.

२२ मार्च, शनिवार

आज कर्नाटक बंदची हाक होती, त्यामुळे खानापूरला जाण्याचा बेत सोडून जलदिनाचे काम गावातच केले. १९९२ साली रिओ येथील परिषदेतून हा दिवस निघाला आणि १९९३ पासून पाळला जातो. यंदाचा विषय हिमनद्यांचे जतन हा आहे. आमच्या तालुक्यातील कणकुंबी-आमगाव पट्ट्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि मार्चमध्ये त्याच तालुक्यातील वाड्यांवर बायका घागरी घेऊन रांगेत असतात. हिमनदीपर्यंत जाण्याची गरज नव्हती. देवळामागील नळाला तोटी नाही, त्याखाली काल रात्री एक कळशी ठेवली होती. सकाळी ती भरून वाहत होती आणि भोवती चिखल झाला होता. फलकावर उपदेश न लिहिता ती कळशीच फलकाखाली आणून ठेवली. दुपारी पंचायतीचा माणूस तोटी बसवून गेला.

रात्री साडेआठ ते साडेनऊ दिवे मालवण्याचा 'अर्थ अवर' (पृथ्वीसाठीचा एक तास) होता. २००७ साली सिडनीत सुरू झालेला. वीज जाण्यासाठी आमच्याकडे वेगळा दिवस पाळावा लागत नाही, ही कोटी गावातील प्रत्येकाने एकदा तरी केली.

२४ मार्च, सोमवार

१८८२ साली २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, म्हणून जागतिक क्षयरोग दिन. खोकला दोन आठवड्यांहून अधिक, संध्याकाळचा ताप, वजनात घट, थुंकीतून रक्त, ही लक्षणे लिहिली. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे, हे मात्र अनेकांना माहीत नव्हते. हा मजकूर डेअरीकडे तोंड असलेल्या बाजूला लिहू नये अशी सूचना आली, कारण तो वाचायला कोण थांबले आहे हे लोक पाहतात. म्हणून आशाताईंचा नंबर तेवढा मोठा लिहिला.

२६ मार्च, बुधवार

जांभळा दिवस. २००८ साली कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात कॅसिडी मेगन या लहान मुलीने, तिला स्वतःला अपस्मार (फिट येण्याचा आजार) असल्यामुळे, हा दिवस सुरू केला. लॅव्हेंडरच्या फुलाचा रंग म्हणून जांभळा. ठराव, परिषद, काहीही नाही. एका मुलीची इच्छा आणि एक रंग. यादीत मुलांनी याच्यापुढे 'कमी महत्त्वाचा' अशी खूण केली होती, आणि प्रत्यक्षात गावाला सर्वांत उपयोगी पडला तो हाच.

फिट आली की आमच्याकडे प्रथम कांदा फोडून हुंगवतात. कांदा नसेल तर चप्पल, आणि हातात लोखंडाची किल्ली. दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालतात. हे सगळे प्रेमाने करतात, म्हणून ते चुकीचे आहे असे नुसते लिहिले तर कोणी ऐकणार नव्हते. तरुण मंडळातील एका मुलाने फलकाजवळ चटई टाकून स्वतः झोपून दाखवले आणि आशाताईंनी एकेक गोष्ट करून दाखवली : जवळचे दगड, विळा, स्टूल दूर करायचे, डोक्याखाली टॉवेल, गळ्याजवळचे बटण सैल, झटके थांबले की कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ बाहेर जाते, तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजायचे नाही. घड्याळ पाहायचे; पाच मिनिटांत थांबले नाही किंवा लागोपाठ दुसरी फिट आली तर १०८ ला फोन. एका काकांनी विचारले की मग कांदा हुंगवून आजवर शुद्ध कशी आली. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जाते, असे उत्तर मिळाल्यावर ते बराच वेळ हसत होते. नियमित गोळ्यांनी शंभरातील सुमारे सत्तर जणांची फिट थांबू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून गोळ्या लपवून देणारी घरे आहेत. संध्याकाळी अंधार पडल्यावर एक बाई आशाताईंकडे आल्याचे कळले. त्याहून अधिक येथे लिहीत नाही.

२९ मार्च, शनिवार

यादीतील आजचा चौकोन आम्ही मुद्दाम पुसून टाकला आणि तेथे माकडताप लिहिला. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. गोचिडांतून पसरतो, माकडे मरतात आणि नंतर माणसे आजारी पडतात. आमच्या सीमेला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गात गेल्या दशकात त्याचे रुग्ण आढळले. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच आहे, आणि तालुक्यातून बरीच माणसे काजूच्या कामाला त्या बाजूला जातात. या रोगाचा दिवस आमच्या यादीत कोठेही नव्हता. जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात, मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला किंवा दवाखान्यात कळवणे, एवढा मजकूर दोन्ही भाषांत सारख्याच लांबीचा लिहिला. कन्नड भाग थोडक्यात ठेवण्याचा नियम येथे मोडला.

तारीख कोणी ठरवली, या रकान्यात काय लिहायचे असा प्रश्न मुलांनी विचारला. 'वाचनालय' असे लिहिले.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा आणि शून्य कचरा दिन एकत्र आले. गुढीच्या गाठी प्लॅस्टिकच्या पिशवीतून न आणता कागदातून आणाव्यात, एवढेच लिहिले. दुकानदाराने आदल्या दिवशीच कागद कापून ठेवले होते.

२ एप्रिल, बुधवार

एप्रिलच्या यादीची वाटणी झाली. ७ तारखेचा आरोग्य दिन (१९४८ साली त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली) आणि २५ तारखेचा मलेरिया दिन आशाताईंकडे. २२ तारखेचा वसुंधरा दिन वनरक्षकांच्या सल्ल्याने. २३ तारखेचा पुस्तक दिन वाचनालयाकडे. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस १६१६ साली एकाच तारखेला गेले असे मानतात म्हणून तो दिवस, पण इंग्लंड आणि स्पेन यांची दिनदर्शिका तेव्हा वेगळी असल्यामुळे प्रत्यक्षात दोघांच्या मृत्यूंत सुमारे दहा दिवसांचे अंतर होते. हे फलकावर लिहावे की नाही, यावर मतभेद आहेत. लिहावे असे माझे मत आहे.

२९ मार्चप्रमाणे गावच्या विषयांसाठी रिकाम्या ठेवायच्या चौकोनांची संख्या एकवरून तीन केली. त्यांपैकी एक वळवाच्या विजांसाठी, एक सर्पदंशासाठी आणि एक अजून ठरलेला नाही. फलकाचा काळा रंग धुळवडीपासून खराब झाला आहे. तो पावसाळ्याआधी, शाळा उघडण्यापूर्वी द्यायचा आहे आणि रंगाचे पैसे डेअरीच्या चेअरमनांनी देण्याचे कबूल केले आहे. मारिओचा दिवस पुढच्या मार्चला एका ओळीपुरता घ्यावा, अशी मुलांची मागणी बैठकीत मंजूर झाली.